शेपूट न कापणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसात सावंतबाईंना पाठीमागे सगळे 'शेपूटबाई' म्हणत. पुढेपुढे तोंडावरही म्हणू लागले, पण बाईंनी त्याचा कधी राग मानला नाही. कुणी काहीही अर्धवट सांगितलं की बाई चष्म्याच्या वरून बघत विचारणार, "आणि शेपूट?" एकदा आमचे शेठ म्हणाले, "डॉक्टरनी मला रोज चालायला सांगितलंय." बाईंनी हातातलं पान खाली ठेवलं. "आणि शेपूट?" मग शेठना कबूल करावं लागलं की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि फरसाण बंद करायलाही. आमचं ऑफिस नेमकं फरसाणच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे ते शेपूट शेठना फार जड गेलं.

ऑफिस म्हणजे घाटकोपर पश्चिमेला स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या, आणि त्यात कमरेपर्यंत रचलेले कागदाचे गठ्ठे. हायकोर्टाचे निवडक निकाल छापणारं मासिक आम्ही तिथून काढायचो. निकाल असायचा चाळीस-पन्नास पानांचा, आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत चार-सहा ओळींची टीप, म्हणजे निकालाचं सार. ती टीप लिहिणं हे बाईंचं काम. आता तुम्हीच सांगा, सकाळी दहाला कोर्टात उभं राहायचंय, अशील कानाशी कुरकुरतोय, तेव्हा कोण वकील पन्नास पानं वाचतो? तो टीप वाचतो. कायद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिणारे विद्वानही पुष्कळदा टीपच उचलतात. आणि मग ती टीप ग्रंथातून वकिलाच्या तोंडी, वकिलाच्या तोंडून खालच्या कोर्टात, असं करत मानखुर्दच्या एखाद्या खोलीतल्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसते. त्या माणसाला बाई ठाऊक नसतात. टिपेखाली नाव छापायची पद्धतच नाही.

मी लॉ कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते आणि वकिली करायची हिंमत नव्हती, म्हणून तिथे चिकटले. पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्यापुढे एक निकाल टाकला आणि म्हणाल्या, "वाच आणि सांग." मी मोठ्या रुबाबात कलमं सांगायला लागले. बाई म्हणाल्या, "कलम नको गो. आधी सांग, कोण कुणाच्या घरात राहत होतं, आणि कुणाला बाहेर जायला सांगितलंय?" मला ते सांगता येईना. "मग तू वाचलंसच नाय," त्या म्हणाल्या, आणि डब्यातली कुळथाची पिठी माझ्या ताटलीत वाढून मला परत वाचायला बसवलं.

आमच्याकडे छापून आलेलं पान दोघांनी मिळून तपासायचं असे. एकाने मूळ निकाल मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पानावर बोट फिरवायचं. इतर ठिकाणी हे काम पोथी उरकावी तसं उरकतात. बाई मात्र कीर्तनाला बसल्यासारख्या वाचायच्या. इंग्रजी निकाल, त्यातले स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा त्या उच्चारायच्या, आणि मधूनच थांबून पक्षकारांची मालवणीत हजेरी घ्यायच्या. कुठल्याशा भावाने बहिणीचा हिस्सा लाटलेला असायचा, की बाई स्वल्पविराम म्हणून लगेच म्हणणार, "मेल्याक लाज नाय वाटत!" एकदा मीही तंद्रीत 'मेल्याक लाज नाय' हे पानावर शोधत बसले होते. खाली फरसाणवाल्यालाही आमचे खटले पाठ झाले होते. "बेन, पेली बहनने हिस्सो मळ्यो के नही?" म्हणजे त्या बहिणीला हिस्सा मिळाला की नाही, असं तो जिन्यात विचारायचा.

बाईंचे वडील गिरणीत होते. गिरणी गेली तसं त्यांचं बिऱ्हाड लालबाग सोडून मुलुंडला आलं. बाई दिवसा एका कंपनीत टायपिंग करायच्या आणि संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन कायदा शिकल्या. सनद घेतली, पण काळा कोट फारसा चढवला नाही. "मला भांडायला आवडतं," त्या म्हणायच्या, "पण भांडण कशावरून लागलं ते समजून घ्यायला जास्त आवडतं." लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर, "तो निकाल राखून ठेवलाय," एवढंच सांगायच्या.

शेपटाचं हे वेड त्यांना उपजत नव्हतं, ते लागलं चंद्रामुळे.

एके दुपारी जिन्यात कुणाचे तरी जड पाय वाजले आणि दारात एक कोळीण उभी राहिली. नऊवारी, कानात बुगड्या, काखेत रिकामी पाटी. पाटी रिकामी असली तरी वास भरलेला होता. आमचे शेठ जैन, ते नाकाला रुमाल लावून तडक गॅलरीत गेले. कोळणीने कमरेच्या बटव्यातून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर आपटला.

"ह्ये कोनी लिवलंय?"

तो आमच्याच मासिकाच्या पानाचा झेरॉक्स होता. खाली आमचा पत्ता छापलेला असतो, तो लोकांना दाखवत दाखवत ती जुहूजवळच्या कोळीवाड्यातून घाटकोपरला आली होती. तिचं नाव चंद्रा. नवऱ्याने दुसरं बिऱ्हाड थाटलं होतं आणि आता आईला पुढे करून चंद्राला आणि तिच्या मुलाला घराबाहेर काढायला निघाला होता. घर सासूच्या नावावर. चंद्राने घरात राहण्याचा हक्क मागायला अंधेरीच्या कोर्टात अर्ज केला होता. सरकारने दिलेला तिचा वकील पोरसवदा, पण मनाने सरळ होता. विरुद्ध बाजूने दाखवलेला हा कागद त्याने तिला दिला आणि सांगितलं, मावशी, हायकोर्टच म्हणतंय की सासूच्या मालकीच्या घरात सुनेला हक्क नाही, आपण काय करणार? चंद्राने विचारलं, असं कोण म्हणतंय? त्याने टिपेवर बोट ठेवलं. मग चंद्रा ते म्हणणाऱ्याला शोधत आली.

"मी लिहिलंय," बाई म्हणाल्या.

चंद्राने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिला बहुधा कुणी मिशीवाला अपेक्षित होता. "बाई हायस तू," ती म्हणाली. "मंग मना सांग, मी कुठं जाव? त्या घरान मी लग्न करून आली. त्या भिंतीला मी हातान गिलावा केलाय. आनि तू हितं बसून लिवतंस, हक नाय?"

बाईंनी तिला बसवलं, चहा मागवला आणि कपाटातून तो अंक काढला. मग मूळ निकाल मोठ्याने वाचायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी कुणालाच शिवी घातली नाही. शेवटाकडे एका परिच्छेदापाशी त्या थांबल्या. तोच परिच्छेद पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा बघितला.

झालं होतं असं. त्या खटल्यातल्या सासूने सुनेला जवळच दुसरी खोली भाड्याने घेऊन दिली होती. म्हणून जज्जसाहेब म्हणाले, दुसरी सोय झालेली असल्यामुळे या सुनेला याच घरात राहण्याचा आग्रह धरता येणार नाही. परंतु अशी सोय झालेली नसेल तर सुनेला बाहेर काढता येणार नाही. बाईंनी टिपेत लिहिलं होतं की सासूच्या मालकीच्या घरात सुनेला हक्क नाही, परंतु दुसरी सोय झालेली नसेल तर तिला बाहेर काढता येणार नाही. पण पान लावताना टीप दोन ओळींनी पुढच्या पानावर सांडत होती. पुढच्या पानावर सांडलेल्या दोन ओळी वाईट दिसतात. छपाईची घाई होती, आणि बाईंनी 'परंतु'पासून पुढचं कापलं. पान कसं देखणं झालं होतं. मी स्वतः ते तपासलं होतं आणि मलाही काही खटकलं नव्हतं. ते कापलेलं मग एका ग्रंथात तसंच उतरलं, ग्रंथातून आणखी दोघा-तिघांनी घेतलं, आणि बघता बघता सासूच्या घरात सुनेला हक्क नाही हा कायदाच असल्यासारखं सगळे बोलायला लागले.

"शेपूट कापलं मी," बाई म्हणाल्या. तो शब्द ऑफिसात तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला. मग चंद्राकडे वळून, "चूक माझी आहे. तुझी तारीख कधी आहे?"

तारीख त्याच आठवड्यात होती.

चंद्रा गेल्यावर बाई शेठकडे गेल्या आणि म्हणाल्या की पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापायचं. शेठ म्हणाले, छापू की. आमच्याकडे शुद्धिपत्र शेवटच्या पानावर, वर्गणीच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापायची रीत होती. ते कुणी वाचत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, किंबहुना त्यासाठीच ते तिथे छापतात. बाईंना ते पहिल्या पानावर हवं होतं, पहिल्या निकालाच्याही आधी, आणि ठळक.

"बेन, आपणच आपली चूक मोठ्या अक्षरांत छापायची? ग्राहक काय म्हणतील?" शेठ कळवळून म्हणाले.

"शेठ, चूक मोठ्या अक्षरांत छापली होती ना? मग दुरुस्ती बारीक अक्षरांत कशी चालेल?"

शेठ तरी मानेनात. दोन दिवस बाई त्यांच्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. पिठीचा डबासुद्धा त्यांच्यापुढे सरकवला नाही. शेठना ती पिठी फार आवडायची. तिसऱ्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "छापा. पण चौकट जाड नको." बाई म्हणाल्या, जाडच हवी, आणि जाडच छापली.

पण अंक निघायला वेळ होता आणि तारीख आधी होती. बाईंनी मला बरोबर घेतलं, निकालाची पूर्ण प्रत घेतली आणि चंद्राच्या त्या वकिलाला कोर्टाच्या आवारातच गाठलं. एका बाकावर बसून त्याला तो परिच्छेद दाखवला. तो बिचारा घाबरला. "मॅडम, समोर फार सीनियर वकील आहेत. मी टीप चुकीची आहे म्हटलं तर हसतील मला."

"हसू दे. तू परिच्छेद वाच. हसून झाल्यावर त्यांनाही ऐकावा लागेल."

आम्ही मागच्या बाकावर बसलो. चंद्रा एका बाजूला, सासू दुसऱ्या बाजूला, आणि नवरा दाराशी मोबाइलमध्ये डोकं घालून. सीनियर वकिलांनी टीप झोकात वाचली. आमचा वकील उठला आणि म्हणाला की टिपेत निकाल पूर्ण आलेला नाही. सीनियर खरंच हसले. म्हणाले, "इतक्या जुन्या मासिकाची टीप चुकीची, आणि हे आम्हाला आज कळतंय?"

तेवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब, ती टीप मी लिहिली आहे. ती चुकीची आहे."

कोर्टात कुजबुज झाली. मॅजिस्ट्रेट साहेबांनी वर बघितलं. "आपण कोण? या प्रकरणात वकील आहात?"

"नाही साहेब. सनद आहे, पण आज मी चूक केलेली बाई म्हणून उभी आहे."

मला वाटलं, आता वाट लागली. असं मधेच उठून बोलणं कोर्टाला खपत नाही. पण मॅजिस्ट्रेट साहेब नुसतंच म्हणाले, "बसा बाई. टीप कोर्टाला बांधत नाही, निकाल बांधतो. द्या इकडे तो." आणि त्यांनी तो परिच्छेद स्वतः, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला, 'परंतु'सकट. मग सीनियर वकिलांना विचारलं, "या बाईंची दुसरी सोय केली आहे का?" त्यांनी अशिलाकडे बघितलं. अशिलाने मोबाइलकडे बघितलं. सोय केलेली नव्हती. दुसरी सोय होईपर्यंत चंद्राला घराबाहेर काढायचं नाही, असा हुकूम झाला.

बाहेर आलो तेव्हा नवरा बाइकला किक मारून निघून गेला होता. म्हातारी सासू फाटकाशी एकटी उभी. चंद्रा आमच्या पाया पडायला वाकली, बाईंनी तिला वरच्यावर धरलं. मग चंद्राने रिक्षा थांबवली, आत बसली, जरा थांबली आणि सासूकडे बघून ओरडली, "येतंस की नाय? का चालत जातंस?" सासू तोंड फिरवून उभी राहिली, मग मुकाट्याने येऊन बसली. दोघींना एकाच घरी जायचं होतं. रिक्षा निघून गेली तरी बाई बघत होत्या. त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला होता की आम्ही घाटकोपरला उतरून शेठसाठी फरसाण घेऊन गेलो, डॉक्टरांचं ते शेपूट तेव्हा अजून यायचं होतं.

त्यानंतर बाईंनी एकाही टिपेचं शेपूट कापलं नाही. पान वाईट दिसलं तर दिसू दे. नाव शेठनीच पाडलं, शेपूटबाई, आणि पाडतानाही त्यांच्या आवाजात अभिमान होता. शुद्धिपत्र बघून एकही ग्राहक तुटला नाही. उलट कुणा निवृत्त जज्जसाहेबांचा फोन आला की तुमचं मासिक मी आता जास्त विश्वासाने वाचतो. शेठ त्या फोनची गोष्ट भेटेल त्याला रंगवून सांगायचे, जणू चौकट जाड करायची कल्पना त्यांचीच.

निवृत्त झाल्यावर बाई मुलुंडच्या घरी रमल्या. पण शेपटाने पाठ सोडली नाही. त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी तरी रोज काहीतरी टाकायचं, 'कोर्टाचा मोठा निर्णय! आता भाडेकरूंची खैर नाही!' त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं, 'असं त्या निकालात नाही. निकाल माझ्याकडे आहे. संध्याकाळी वाचायला या.' कुणी जायचं नाही. मग एकदा वरच्या मजल्यावरचे एक भाडेकरू काका खरोखरच घाबरून गेले, निकाल ऐकून शांत झाले आणि येताना चहा-पोहे खाऊन आले. ती बातमी पसरली. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी बाईंच्या हॉलमध्ये चपलांचा ढीग असायचा. मी म्हटलं, "बाई, हे सगळे पोह्यांसाठी येतात हो." त्या म्हणाल्या, "येऊ दे. पोहे खाताना कान बंद होत नाहीत."

मासिकाचं काम आता मी बघते. निकाल कोर्टाच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी मिळतो आणि त्याचं सार मशीन चुटकीसरशी काढून देतं, भाषाही माझ्यापेक्षा बरी. शेठच्या मुलाला ते फार झकास वाटतं. मी ते सार घेते, आणि मग पूर्ण निकाल मोठ्याने वाचायला बसते. शेठचा मुलगा कपाळाला हात लावतो. त्याला मी परवा सांगितलं की कोण कुणाच्या घरात राहत होतं हे मला कळल्याशिवाय टीप छापली जाणार नाही. तो म्हणाला, "तुम्ही पण शेपूटबाई झालात." मला बरं वाटलं.

चंद्राची आणि बाईंची मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली. दोघी समुद्रकाठच्याच, पण एक मालवणकडची आणि एक मुंबईची, त्यामुळे मासे कसे करावेत यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही. चंद्रा आठवड्याला बोंबील नाहीतर मांदेली पाठवायची. बाई फोन करून त्यात खोट काढायच्या. पुढे चंद्राच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा हळदीला तिने बाईंना पुढच्या खुर्चीत बसवलं आणि भर मांडवात नव्या सुनेला सांगितलं, "ह्या घरान तुझा हक हाय, ह्या बायनं लिवलाय. पन माझाबी हाय आनि म्हातारीचाबी हाय, त्ये इसरू नको!" मांडव हसला. बाई उठून म्हणाल्या, "लिहिलं जज्जसाहेबांनी. मी फक्त खोडलेलं परत घातलं."

गेल्या थंडीत बाई गेल्या. झोपेतच, कुणाला तोशीस न देता. मला रडू आलं नाही. स्मशानातून परत आले, बाईंच्या भाच्यांना मदत केली, लोकांचे फोन घेतले, शेठना सावरलं, ते लहान मुलासारखे रडत होते. तिसऱ्या दिवशी आठवलं की चंद्राला कुणी कळवलेलंच नाही. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी कोळीवाड्यात गेले.

चंद्रा बाजारात गेली होती. सूनही तिच्याबरोबर. दार उघडं होतं आणि आत भिंतीला टेकून चंद्राची सासू बसली होती, आता पार वाळलेली, डोळ्यांनी अधू. कोण म्हणून विचारलं तिने. मी बाईंचं नाव सांगितलं आणि बाई गेल्या हे सांगितलं. म्हातारीने माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाली, "तिनं चंद्राला ठेवलं. म्हनून मना कोन तरी हाय. पोरगा तं परत फिरकलाच नाय." आणि चाचपत चाचपत तिने आपल्या शेजारची चटई सारखी केली.

"मी येते मग नंतर," मी म्हटलं. "चंद्रा आली की सांगा."

"नको जाव," म्हातारी म्हणाली. "बस. आपलंच घर हाय."

मी बसले, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं. किती वेळ रडले कुणास ठाऊक. चंद्रा आली, सून आली, चूल पेटली, दिवे लागले, आणि त्या घरात मला कुणीही ऊठ म्हणालं नाही.